गोवे आदिलशहाच्या हातून कसे गेले?

जवाहरनगरच्या वाचकांना दारूगोळा म्हणजे काय, हे सांगायला नको. भंडाऱ्याजवळची ही वसाहतच मुळी दारूगोळ्याच्या कारखान्याभोवती वसली. त्यामुळे पोर्तुगीजांनी तोफांच्या जोरावर गोवे घेतले, असे कोणी म्हटले की इथल्या माणसाला ते चटकन पटते. ज्याची तोफ मोठी तो जिंकला, दुसरा हरला, हिशेब संपला. पण वाचकहो, १५१० साली गोव्यात जे घडले त्याचा हिशेब इतका सोपा नाही. आदिलशहाच्या गोव्यात तोफा होत्या, त्या ओतणारे कारागीर होते, तट होता, खंदक होता, आणि मागे विजापूरसारखे बळकट राज्य होते. तरी गोवे गेले. गेले ते एकदा नव्हे, एका वर्षात दोनदा गेले. हे कसे झाले, ते आज आपण जरा सावकाश पाहू.

आधी थोडे गोव्याबाहेर जाऊ. २ जानेवारी १४९२ रोजी स्पेनमधले ग्रानाडा हे शेवटचे मुसलमानी राज्य ख्रिस्ती राजाराणींच्या, म्हणजे फर्डिनांड आणि इसाबेला यांच्या स्वाधीन झाले. तिथला सुलतान बारावा मुहंमद याने शहराच्या किल्ल्या देऊन निरोप घेतला. शेजारच्या पोर्तुगालने आपल्या भूमीवरचा हा झगडा त्याच्या खूप आधी, १२४९ च्या सुमारास संपवला होता. नंतर १४१५ मध्ये पोर्तुगीजांनी समुद्र ओलांडून आफ्रिकेतले सेउता घेतले. मुसलमान दिसला की त्याला 'मूर' म्हणायचे, आणि मूर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा शत्रू, ही समजूत त्यांच्या रक्तात भिनलेली होती. हीच समजूत जहाजात घालून ते हिंदुस्थानात आले. इथला मुसलमान व्यापारी, इराणातला सरदार, कोकणातला नाखवा, सगळे त्यांच्या लेखी मूरच. जोडीला मिऱ्याचा लोभ होता. धर्म आणि मिरी, या दोन्हींचे वजन त्यांच्या तागडीत सारखेच होते असे म्हटले तरी चालेल.

आता गोव्याकडे वळू. गोव्याच्या माणसाला धनी बदलण्याची सवय होती, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे. कदंबांचे राज्य गेले, बहमनी आले. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरने गोवे घेतले. १४७२ मध्ये बहमनींचा वजीर महमूद गावान याने ते परत जिंकले. बहमनी राज्याची शकले झाली तेव्हा गोवे विजापूरच्या यूसुफ आदिलशहाच्या वाट्याला आले. दिवाडी बेटावरच्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचेच बघा. बहमनींच्या काळात ते मोडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. म्हणजे संकट यायचे आणि ओसरायचेही. गावाचा कारभार मात्र गावकरी मंडळी, तिकडे जिला गावकारी म्हणतात ती, पूर्वीप्रमाणेच चालवी. वर बसणारा धनी बदले, शेतसारा घेणारा हात बदले, खाली भाताची खाचरे तीच.

आणि गोव्यासाठी एवढी ओढाताण कशाकरिता? घोड्यांकरिता. दख्खनच्या पठारावर चांगला लढाऊ घोडा पैदा होत नसे. तो अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातल्या होर्मूझहून गलबतांतून येई. विजापूरला घोडा हवा, विजयनगरलाही हवा. घोडा उतरायचे एक मोठे बंदर म्हणजे गोवे. ज्याच्या हाती हे बंदर त्याच्या हाती शेजाऱ्याच्या घोडदळाचा लगाम. जकात मिळे ती वेगळीच.

हे शहर होते मांडवी नदीच्या काठी. आज आपण त्याला जुने गोवे म्हणतो. ज्या तिसवाडी बेटावर ते वसले त्याच्या उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, आणि या दोन नद्यांना मागच्या बाजूने जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. चारी बाजूंना पाणी, त्यात मगरी. आपल्या वैनगंगेला पाणी चढते ते वरून, पाऊस पडला म्हणजे. मांडवीला पाणी खालूनही चढते. दिवसातून दोनदा समुद्र भरतीबरोबर नदीत शिरतो आणि ओहोटीबरोबर माघारी जातो. त्या भरतीवर मोठे जहाज थेट शहराच्या तटापाशी येऊ शकते. जमिनीवरून येणाऱ्या शत्रूला हे बेट म्हणजे किल्ला. समुद्रावरून येणाऱ्याला मात्र तो उघडा दरवाजा. विजापूरची सारी नजर जमिनीकडे होती. विजयनगर कुठून येईल, अहमदनगर काय करील, याची चिंता रोजची. समुद्रावरून राज्य घ्यायला कोणी येईल, हा विचारच त्या दरबाराला नवा होता.

तसे इशारे मिळाले नव्हते असे नाही. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने आपल्या कोकणातले दाभोळ बंदर लुटून जाळले. दाभोळ आदिलशाहीतलेच. पुढे फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवच्या समुद्रात त्याने इजिप्त आणि गुजरात यांच्या एकत्रित आरमाराचा धुव्वा उडवला. तिथून वाचलेल्या रूमी सैनिकांपैकी काही गोव्यात आले आणि नवी जहाजे बांधू लागले. म्हणजे विजापूरला थोडी जाग आली होती. पण जाग येणे वेगळे आणि उठून दाराला अडसर घालणे वेगळे.

अल्मेदानंतर अफोंसो द अल्बुकर्क पोर्तुगीजांचा गव्हर्नर झाला. जानेवारी १५१० मध्ये त्याने कालिकतवर हल्ला केला, तो पार फसला. स्वतः तो जखमी झाला. पुढच्याच महिन्यात तो सुमारे २३ जहाजे घेऊन निघाला, ते गोव्यासाठी नव्हे. त्याला तांबड्या समुद्राकडे जायचे होते. वाटेत होनावरच्या किनाऱ्यावर त्याला तिम्मय्या भेटला. पोर्तुगीज कागदांत याचे नाव 'तिमोजा' असे येते. हा हिंदू दर्यासारंग, विजयनगरच्या बाजूचा, निम्मा सरदार आणि निम्मा चाचा. त्याने अल्बुकर्कला सांगितले, इतक्या लांब कशाला जाता? गोवे इथेच आहे. शिबंदी थोडी आहे, लोक करांनी गांजले आहेत, रूमी जहाजे बांधताहेत. ती तयार होण्याआधी चला.

अल्बुकर्कने जहाजांची तोंडे वळवली. पणजीचा लहानसा किल्ला पडला आणि फेब्रुवारी-मार्चच्या त्या दिवसांत गोवे शहर जवळजवळ न लढता स्वाधीन झाले. नव्या धन्याने सांगितले, कर कमी करू, तुमच्या धर्माला हात लावणार नाही. शहरातल्या शेटींना आणि गावकऱ्यांना यात वावगे वाटण्यासारखे काय होते? कदंब गेले, बहमनी आले, विजयनगर आले, आदिलशहा आला; आता हे फिरंगी. चार वर्षे राहतील आणि जातील. तिम्मय्यालाही हेच वाटत असावे. त्याला गोव्याच्या महसुलाचे काम मिळाले. शहर आज ना उद्या आपल्याच हाती येईल, ही आशा त्याच्या मनात होती.

पण आदिलशाही फौज गप्प बसली नाही. मे महिन्यात ती बेटासमोर येऊन ठाकली. पोर्तुगीज थोडे, उतार पुष्कळ. एकेका उतारावर पहारा पुरेना. एका पावसाळी रात्री तराफ्यांवरून फौज बेटावर उतरली आणि शहरातल्या लोकांचाही रंग बदलला. पोर्तुगीज किल्ल्यात कोंडले गेले. मे अखेर त्यांनी किल्ला सोडला आणि जहाजांवर पळ काढला. निघण्यापूर्वी किल्ल्यात धरून ठेवलेल्या अनेक मुसलमानांना अल्बुकर्कने ठार करवले. पुढे काय होणार याची ही पहिली खूण.

आता गंमत अशी की जहाजांवर चढले तरी जाणार कुठे? पावसाळा लागला होता. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध धरतो आणि बाहेर समुद्र खवळतो. शिडाचे जहाज बाहेर पडू शकत नाही. जून, जुलै आणि निम्मा ऑगस्ट पोर्तुगीज नदीतच अडकून राहिले. दोन्ही काठांवरून तोफा चालत होत्या. पोटाला काही नव्हते. उंदीर खाल्ले, पेट्यांवरचे कातडे उकडून खाल्ले. पोर्तुगीज बखरकार सांगतात की विजापूरकडून त्यांना अन्न पाठवण्यात आले, निरोप असा की आम्हांला तुम्हांला हत्याराने जिंकायचे आहे, उपासाने नव्हे. अल्बुकर्कने उरलासुरला दारूचा पिंप आणि बिस्किटे पुढे मांडून 'आमच्याकडे भरपूर आहे' असे दाखवले आणि अन्न परत केले. गोष्ट दिलदारीची आहे. पण राज्यकर्त्याच्या दृष्टीने पाहा. शत्रू अडीच महिने आपल्या नदीत उपाशी कोंडलेला आहे, आणि तरी त्याला संपवता येत नाही. का? कारण पाण्यावर जाऊन त्याला गाठील असे आरमारच नाही. वाचकहो, गोव्याचा निकाल माझ्या मते नोव्हेंबरात नव्हे, या पावसाळ्यातच लागला.

ऑगस्टच्या मध्याला नदीचे तोंड उघडले आणि पोर्तुगीज निसटले. अंजदीव बेटापाशी त्यांना पोर्तुगालहून आलेली ताजी जहाजे भेटली. इकडे विजापुरात काय चालले होते? यूसुफ आदिलशहा याच सुमारास वारला. गादीवर आलेला इस्माईल लहान होता. कारभार कमालखान नावाच्या सरदाराच्या हाती, आणि त्या कमालखानाचा स्वतःचाच डोळा गादीवर. अशा वेळी मोठी फौज दूरच्या बंदरात गुंतवून ठेवायला कोण तयार होणार? फौजेचा मोठा भाग गोव्याहून निघून गेला.

नोव्हेंबरात अल्बुकर्क परत आला. या वेळी ३० हून अधिक जहाजे आणि दीड हजाराच्या आसपास पोर्तुगीज शिपाई. दिवस २५ नोव्हेंबर १५१०, संत कातेरीनाचा सण. पहाटे जहाजांतून उतरून त्यांनी नदीकाठच्या ठाण्यांवर झडप घातली. बाहेर लढणारे शिपाई मागे हटून दरवाजातून आत शिरू लागले, त्यांच्या पाठोपाठ पोर्तुगीजही घुसले. दरवाजा लावायला सवडच मिळाली नाही. गल्लीबोळांतून हातघाईची लढाई झाली आणि काही तासांत शहर पडले.

यात तोफांचे काम किती? होते, पण तेवढ्यावर शहर पडले नाही. उलट, गोव्यातल्या कारागिरांचे कसब पाहून अल्बुकर्क स्वतः थक्क झाला. १५१३ मध्ये राजा मानुएलला लिहिलेल्या पत्रात त्याने कळवले की इथले लोक बोहेमियातल्या नामांकित कारागिरांच्या तोडीच्या बंदुका करतात. नमुन्यादाखल एक कारागीरही त्याने तिकडे पाठवला. कारखान्यात घाम गाळणाऱ्या वाचकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. हत्यार करणारा हात उणा नव्हता. ते हत्यार कुठल्या तोंडाला लावायचे, हे ठरवणारे डोके दुसरीकडे गुंतले होते. पोर्तुगीजांची तोफ जहाजावर होती, भरतीबरोबर हवी तिथे जात होती. विजापूरची तोफ बुरुजावर एका जागी बसून होती.

यानंतरचे सांगताना लेखणी अडखळते. शहर हाती आल्यावर अल्बुकर्कने मुसलमान रहिवाशांची कत्तल करवली. हे कोणा शत्रूने लिहिलेले नाही. २२ डिसेंबर १५१० च्या पत्रात त्याने स्वतःच राजाला कळवले आहे. चार दिवस संहार चालला. पुरुष आणि बायका मिळून ६,००० जीव गेले असा त्याचा आकडा आहे. मशिदीत माणसे कोंडून आग लावल्याचेही तो सांगतो. शेतकरी आणि ब्राह्मण यांना मारू नये, असा हुकूम मात्र त्याने दिला होता. ग्रानाडाच्या सुलतानाला निदान किल्ल्या देऊन निघून जाता आले. मांडवीकाठच्या विणकराला, नाखव्याला, त्यांच्या बायकामुलांना तेवढीही मुभा मिळाली नाही.

विजापूरने गोवे परत घेण्याचा प्रयत्न सोडला नाही. १५११ मध्ये अल्बुकर्क मलाक्का जिंकायला गेला असता आदिलशाही फौजेने बेटावर बाणस्तारीला पाय रोवले; परत येऊन १५१२ मध्ये त्याने त्यांना हुसकावले. फिरिश्ता हा फारसी इतिहासकार लिहितो की कमालखानाने गोवे पोर्तुगीजांकडे ठेवून तह केला. घरात गादीचे भांडण, म्हणून बंदरावर पाणी सोडले. पुढे १५७० मध्ये अली आदिलशहाने मोठ्या फौजेनिशी वेढा घातला, त्याच वेळी निजामशहाने चौलला वेढा दिला, दोन्ही फसले. विजापूरचे राज्य १६८६ पर्यंत टिकले, शेवटी औरंगजेबाने ते बुडवले. पण दर्यावरचा आपला दरवाजा त्याला पुन्हा कधी मिळाला नाही.

आणि ज्याने वाट दाखवली त्या तिम्मय्याचे काय झाले? महसुलाच्या कामावरून त्याला दूर करून ते होनावरच्या राजघराण्यातल्या मल्हाररावाकडे देण्यात आले. विजापूरच्या फौजेशी झालेल्या लढाईत दोघेही हरले आणि तिम्मय्या विजयनगरला पळाला. तिथेच लवकर त्याचा अंत झाला. परक्याच्या हाताने आपला शत्रू काढायचा आणि मग परक्याला निरोप द्यायचा, हा त्याचा बेत होता. पहिली गोष्ट साधली, दुसरी साधली नाही.

गावकऱ्यांची समजूत फोल ठरायला जरा अधिक वेळ लागला. नव्या धन्यांनी गावकारीचे जुने नियम १५२६ मध्ये कागदावर उतरवून मान्य केले; म्हणजे वरवर पाहता सारे पूर्वीसारखेच. पण १५४० मध्ये तिसवाडीतली देवळे पाडण्यात आली. १५४३ मध्ये बारदेश आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेले, आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आले. साष्टीतला मंगेश १५६० मध्ये जुवारीपलीकडे प्रियोळला नेला गेला. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला गेला. आता जरा विचार करा. प्रियोळ आणि नार्वे तेव्हा कोणाच्या मुलखात होते? आदिलशहाच्या! ज्याच्या करांना कंटाळून शहराने दरवाजे उघडले होते, त्याच्याच हद्दीत गोवेकरांना आपले देव लपवून न्यावे लागले. नार्व्याच्या त्या देवळाचा जीर्णोद्धार पुढे १६६८ मध्ये शिवाजीमहाराजांनी करवला.

मग १५१० मध्ये गोवेकर चुकले म्हणायचे का? घरबसल्या असा निवाडा देणे सोपे आहे. त्यांनी आपल्या अनुभवावरून अंदाज बांधला होता, आणि दीडशे वर्षे तो अनुभव खरा ठरत आला होता. पूर्वीचे धनी जमिनीवरून येत, शेतसाऱ्यासाठी येत. शेत पिकते ठेवायचे तर रयत सांभाळावी लागे. हा धनी बंदरासाठी आला होता. त्याचे पोट जकातीवर आणि समुद्रावर चालणार होते, आणि त्याची धर्माची कल्पना दूरच्या देशातल्या जुन्या लढाईत घडलेली होती. येणारा कोण आहे यापेक्षा तो कशासाठी आला आहे, हे पाहायला हवे होते. ते पाहण्याची जबाबदारी शेतकऱ्यापेक्षा विजापूरच्या दरबाराची होती, आणि तिथे गादीच्या भांडणातून कोणाला सवड नव्हती.

चार वर्षांचा वाटलेला पाहुणा ४५१ वर्षे राहिला. १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेनेने गोवे मुक्त केले. तुम्ही कधी तिकडे गेलात तर जुन्या गोव्यातल्या भव्य चर्चांबरोबर आणखी एक गोष्ट अवश्य पाहा. तिथे काळ्या दगडाची एक कमान एकटीच उभी आहे. मागे भिंत नाही, महाल नाही. आदिलशहाच्या वाड्याचा तो दरवाजा. पलीकडे थोड्याच अंतरावर मांडवी वाहते, आणि भरतीच्या वेळी तिचे पाणी आजही समुद्राकडून वर चढते.